दोनशे चौदा किलोमीटरचा खोटा मान

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. हातात मावणारा, पिवळ्या रबरी कडेचा, काचेवर एक आडवा ओरखडा असलेला. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याने हळहळायचे असते, असा रिवाज आहे. माझ्यासाठी हळहळू नका. मला सांगायची आहे ती एका भांडणाची गोष्ट, आणि त्या भांडणात मी पहिल्यापासून आमच्या बाईंच्या बाजूने आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. पहिल्याच दिवशी मला बादलीभर पाण्यात बुडवले आणि मग कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पाडले. त्यातून जे शाबूत राहिले तेच खोक्यात भरले गेले. आकाशातल्या उपग्रहांचे ऐकायचे आणि माणसाला तो नेमका कुठे उभा आहे ते सांगायचे, एवढेच मला शिकवले होते. समोरच्याला बरे वाटावे म्हणून दोन पावले इकडेतिकडे करणे मला कधी जमले नाही.

मला विकत घेतले बाईंनी. बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. काच पाव नंबरने चुकली तरी गिऱ्हाइकाचे डोके दुखते, म्हणून प्रत्येक काच त्या दोनदा तपासत. सुटीच्या दिवशी मात्र त्यांना एक वेड होते. जगभर काही लोक लहान लहान डब्या लपवून ठेवतात आणि त्या जागांचे आकडे एका वेबसाइटवर देतात. ते आकडे माझ्यात भरायचे, माझा बाण दाखवील तिकडे चालायचे, डबी हुडकायची, आतल्या चिमुकल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी होती तशी परत ठेवून द्यायची. हाती काही लागत नाही. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. बाईंचा नवरा बस चालवायचा. तो याला 'भंगार न आणता भंगार शोधणे' म्हणायचा.

या खेळात वेबसाइटला आपले घर कुठे आहे ते सांगून ठेवावे लागते. मग आपल्याला सापडलेली प्रत्येक डबी घरापासून किती लांब होती, याचा हिशोब ती आपला आपण मांडते. बाईंनी निश्चय केला होता की घराभोवतीच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात एकही डबी सोडायची नाही. एकशे शहाऐंशी डब्या होत्या. नऊ वर्षे लागली. शेवटची डबी रेल्वेच्या पुलाखाली होती. तिच्यासाठी सात खेपा वाया गेल्या. आठव्या खेपेला बाईंनी सहज एका गंजक्या बोल्टला हात लावला, तर तो हातात आला. तो चुंबकाने चिकटवलेला पोकळ बोल्ट होता आणि वही त्याच्या पोटात होती. त्या दिवशी वेबसाइटवरच्या त्यांच्या पानावर 'वर्तुळ पूर्ण' असे उमटले आणि बाईंनी चिखलाचे बूट न काढता शेजारणीला ओढत आणून ते दाखवले.

लांबच्या प्रवासाला बाई एकदाच गेल्या. समुद्राकाठच्या दीपगृहाजवळची डबी, घरापासून दोनशे चौदा किलोमीटर. तीन बसगाड्या बदलल्या. बाईंच्या अंगात ताप होता, आणि नवरा आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशाच्या जागी बसल्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरच्या ब्रेकला नावे ठेवत होता. डबी सापडली तेव्हा दोघांनी एकाच पेनाने वहीत नावे लिहिली. मी तिथेच होतो, बाईंच्या मुठीत.

मग मोबाइल आला. तो गाणी म्हणायचा, फोटो काढायचा आणि रस्ताही दाखवायचा. माझी रवानगी खणात झाली. माझे सेल काढायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही, ते फुटले आणि त्यांचा हिरवा गंज माझ्या पोटात पसरला. चार वर्षे मी तसाच पडून होतो. मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर खोटे होईल. मला वाईट वाटले, आणि रागही आला.

नंतर नवऱ्याची बदली झाली, नेमकी त्याच समुद्राकाठच्या गावातल्या डेपोत. बांधाबांध झाली. मोडकी बॅटरी, कुलपे हरवलेल्या किल्ल्या आणि मी, असे एका खोक्यात गेलो. खोक्यावर नवऱ्याने लिहिले, 'बघू'. नव्या घरी बाई पडदे लावत होत्या आणि तो टेबलाशी बसून जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे नवा भरत होता. बदली आपल्यामुळे झाली, तिला सगळे सोडावे लागले, याची त्याला बोच होती. म्हणून तो जरा जास्तच मनापासून कामाला लागला होता.

"गॅस झाला, बँक झाली, दवाखाना झाला," तो म्हणाला. "तुझ्या त्या डब्यांच्या खेळातही नवं घर टाकलं बघ. तेवढाच तुझा त्रास वाचला."

बाई स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी स्वतःचे पान उघडले. वेबसाइटने सगळा हिशोब नव्या घरापासून नव्याने मांडला होता. ताप अंगावर घेऊन गाठलेले दीपगृह आता घरापासून दीड किलोमीटरवर होते. जुन्या घराभोवतीच्या एकशे शहाऐंशी डब्या दोनशे किलोमीटरच्या पलीकडे जाऊन बसल्या होत्या. 'वर्तुळ पूर्ण' पुसले गेले होते आणि तिथे 'अठ्ठावन्नपैकी एक' असे लिहिले होते. नव्या घराभोवती डब्या अठ्ठावन्न, त्यांतली सापडलेली एक म्हणजे दीपगृहाची. आणि 'लांब पल्ल्याच्या डब्या' म्हणून जी नावे होती त्यांत जुन्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागची डबीही होती. ती बाईंनी गॅसवर दूध ठेवून, स्लिपरवर जाऊन, चार मिनिटांत आणली होती. दूधही उतू गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि खेळणाऱ्यांच्या गटाची वर्षाची यादी सांभाळायचे.

"ताई, अभिनंदन," मास्तर म्हणाले. "लांब पल्ल्याच्या यादीत तुम्ही एकदम पहिल्या. यंदाचं पदक तुमचं."

"मास्तर, मी पडदे लावत होते," बाई म्हणाल्या. "एका दुपारीत मी कुठला पल्ला गाठला?"

"नियमात बसतं ताई. घर म्हणजे आज जिथं राहतो ते."

"मग जुनं घर परत टाकते."

"टाका की. पण मग नव्या गावात शोधाल ती प्रत्येक डबी दोनशे चौदा किलोमीटरच्या आसपास धरली जाईल. घरापाठीमागची असली तरी. यादीत एका माणसाला एकच घर मावतं."

बाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला सगळे सांगितले. नवे घर टाकले तर झालेली नऊ वर्षे खोटी, जुने ठेवले तर पुढची. नवरा हळूच म्हणाला, "घेऊन टाक ना पदक. आयतं चालून आलंय."

"आयत्या बिळावर नागोबा व्हायला सांगता मला?" बाई म्हणाल्या. "एकाच्या डोळ्याचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर बसवला असता, तर दुकानात मला ठेवलं असतं का कोणी?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि खोकी उलगडू लागला. 'बघू' लिहिलेले खोके त्याने स्वतः उघडले, मला बाहेर काढले आणि जुन्या टूथब्रशने माझ्या पोटातला गंज अर्धा तास घासला. मग नवे सेल घातले. मित्रांनो, पहिल्या खेपेला मी नाही उठलो. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मात्र उठलो, कारण मला या भांडणात बोलायचे होते.

माझ्यात एक आकडा आहे, 'एकूण चाल'. मी चालू असताना धरणारा माणूस किती चालला, एवढेच तो मोजतो. घर कुठे आहे हे तो विचारत नाही. सेल काढले, पत्ता बदलला, चार वर्षे खणात कोंडले, तरी तो एका मीटरनेही मागे येत नाही. बाईंनी बटण दाबले. सहा हजार चारशे बारा किलोमीटर. पुलाखालच्या वाया गेलेल्या सात खेपाही त्यात होत्या. वेबसाइटने त्या कधीच धरल्या नव्हत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. "माझ्यासमोर सहा हजार चारशे बारा लिहा."

"त्याचा रकाना नाही ताई."

"मग माझं नाव ठेवा आणि पुढचे सगळे रकाने कोरे सोडा. कोणी विचारलं तर सांगा, ताईंना फोन करा. मी सांगीन, कुठून निघाले होते ते."

"पदक?"

"जो खरंच लांब जाऊन आला असेल त्याला द्या."

मास्तर कुरकुरले, नियम नियम म्हणाले, पण त्या वर्षीची यादी लागली तेव्हा बाईंच्या नावापुढे कोरी जागा होती. काही जण हसले. चौघांनी फोन केला, आणि बाईंनी चौघांनाही बोल्टपासून सगळे सांगितले.

आता दर सुटीला आम्ही नव्या दारातून निघतो. अठ्ठावन्नपैकी अकरा झाल्या आहेत. नवराही येतो, आणि पायी चालतानाही मधूनच ब्रेकचा पाय दाबतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. खणात ठेवाल त्या यंत्राचे सेल आधी काढून ठेवा. आणि कोणी किती चालून आले हे मोजायची वेळ आली, तर तो ज्या दारातून निघाला होता तिथून मोजा. नाही तर मोजूच नका.