फुंकरबाबांचं विमान

दासगावच्या खाली सावित्रीच्या पात्रात विमान तरंगत होतं आणि काठावर नारळ फुटत होते. विमान लहानसंच, दोन माणसांचं. आदल्या दिवशी इंजिन बंद पडलं, वैमानिकाने ते नदीत उतरवलं, होडीवाल्या भिकूने त्याला बाहेर काढलं. चहा पिऊन तो एस.टी.ने मुंबईला गेलासुद्धा. मागे राहिलं विमान, म्हशीसारखं आंब्याला बांधलेलं.

मुरारी गुरुजी वैतागले नव्हते. वैतागायलाही अंगात जोर लागतो. गेल्या वर्षी त्यांनी रडणारा दगड निस्तरला होता, त्याआधी बोलणारा बोकड. आज शाळा ओस होती, आणि त्यांची बहीण बयाबाई तापाने फणफणलेली लेक घेऊन इथे तीर्थाला आली होती. दवाखान्याच्या गोळ्या पदराच्या गाठीत तशाच.

"पैली फुंकर मारली, इंजिन थांबलं!" फुंकरबाबा गरजले. परवापर्यंत ते फक्त विंचू उतरवत; आज विमानाभोवतीचं नदीचं पाणी तीर्थ म्हणून वाटत होते. "दुसरी मारली, लोखंड तरंगलं!"

"पहिली मारलीच नसती तर?" गुरुजी म्हणाले. "तो बिचारा घरी पोचला असता."

"मास्तर, नाट लावू नका," नारळ घेऊन उभा असलेला सोनबा म्हणाला. "लोखंड तरताना पायलंय कदी?"

"श्रावणात कमरेला सुके भोपळे बांधून हीच नदी ओलांडतोस ना? भोपळा का तरतो रे?"

"आत पोकळ असतो म्हनून."

"ह्याच्या पंखांत टाक्या आहेत. पेट्रोल संपलं म्हणून इंजिन थांबलं, हे वैमानिकानेच भिकूला सांगितलं. टाक्या रिकाम्या, तोंडं बंद. झाले दोन भोपळे."

सोनबाने वाकून विमानाखाली पाहिलं. "पन भोपळ्याला चाकं नसतात."

गुरुजींना घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटलं. तेवढ्यात बयाबाईने तीर्थाचा पेला लेकीच्या ओठांशी नेला. पाण्यावर मोरपंखी रंग फिरत होते.

"बये, थांब!"

"दादा, रंग बघ तरी. देवाचं हाय ता."

गुरुजींनी बाबांच्या पुढ्यातला कंदील उचलला आणि लोटाभर स्वच्छ पाण्यात त्यातल्या रॉकेलचे दोन थेंब टाकले. तेच मोरपंखी रंग फिरू लागले.

"हा माझा देव. इंजिनातलं तेल गळून नदीवर पसरलंय, त्याचे हे रंग. तापलेल्या पोरीला तेल पाजतेस? बाबा, आधी तुम्हीच घ्या की घोटभर."

"आज माजा उपास हाय."

बयाबाईने मान वर केली. "उपासाला तीर्थ चालतं की, बाबा."

"निर्जळी!"

"मगाशी चा पिलात ता?"

बाबांनी उगाच आभाळाकडे फुंकर मारली. बयाबाईने पेला हुंगला, लोटा हुंगला, आणि पेला तिथेच वाळूत उपडा केला. मग पदराची गाठ सोडली. गुरुजींनी भाचीला खांद्यावर घेतलं. अंग निखाऱ्यासारखं लागत होतं.

"चल दवाखान्यात. गोळी कशी द्यायची ते डॉक्टरांनाच विचारू."

मागे फट् आवाज झाला. सोनबाने गुरुजींच्या 'देवा'पुढे, त्या कंदिलापुढे, नारळ फोडला होता.

गुरुजी वळले. ओरडायचं त्राण नव्हतं, म्हणून साधंच बोलले, "फोडा बाबांनो. नारळाचं खोबरं तरी होतं. पण पोराच्या तोंडाला काही लावण्याआधी ते काय आहे, कुठून आलं, एवढं विचारा. निदान वास घ्या. नाकाला उपास नसतो."