डाव्या हाताला खिडकी

मास्तरीणबाईंनी कागदाचा कपटा पान दोनशे बारामध्ये सरकवला आणि वहीतल्या रकान्यात आणखी एक फुली मारली. एकसष्टावी फुली. खिडकीचा उल्लेख करणाऱ्या एकसष्ट बायका, एकसष्ट स्वयंपाकघरं, आणि झाडून सगळ्यांत ओट्याशी उभं राहिलं की खिडकी डाव्या हाताला.

त्यांना इतका आनंद झाला, की समोर डुलक्या काढणाऱ्या विद्यार्थ्याला हलवून सांगावंसं वाटलं. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात बोलायला बंदी होती आणि ती बंदी त्यांच्याइतकी मनावर कुणीच घेतली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी कुजबुजणाऱ्या दोघांना असा काही दम भरला, की शिपायापासून ग्रंथपालांपर्यंत सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणू लागले. त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं त्या शाळेत इतिहास शिकवत होत्या आणि आता वर्षभराची रजा काढून प्रबंध पुरा करायला बसल्या होत्या. रजेचे तीन आठवडे उरले होते. सात वर्षं रखडलेलं हे काम या तीन आठवड्यांत हातावेगळं झालं नाही, तर पुन्हा कधीच होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा तर चार वर्षांपासून त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाका मारत होता. ती चेष्टा हल्ली टोचायला लागली होती.

विषय होता समाजवादी राजवटीच्या काळातलं रोजचं जगणं. पुढारी, ठराव आणि पंचवार्षिक योजना यांच्यावर कपाटंच्या कपाटं भरलेली होती. पण माणसं सकाळी उठून काय करायची, बटाटे कुठे ठेवायची, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मास्तरीणबाईंना ते सापडलं एका जुन्या घरगुती मासिकात. त्यात 'घरोघरी' नावाचं सदर होतं आणि दर महिन्याला एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र यायचं. कधी बंदराच्या गावची कामगार बाई, कधी डोंगराकडची परिचारिका, कधी नुसतीच 'दोन मुलांची आई'. शाईचा डाग कसा काढावा, शिळ्या पावाचं काय करावं, असलं सगळं. गंमत अशी, की सगळ्यांची स्वयंपाकघरं हुबेहूब सारखी होती. खिडकी डावीकडे, तिचा कठडा पातेलं निवत ठेवण्याइतका रुंद, दाराच्या मागे तीन खिळे. सरकारने गावोगाव एकाच नकाशाची घरं बांधली आणि म्हणून बायकांची आयुष्यंही एकाच साच्यातून निघाली, असा सिद्धान्त त्यांनी चौथ्या प्रकरणात मांडला होता. मार्गदर्शक सर एरवी 'बरं आहे' याच्या पुढे जात नसत. ते प्रकरण वाचून मात्र म्हणाले होते, "बाई, हे सोनं आहे सोनं."

खुद्द मास्तरीणबाईंच्या आईच्या स्वयंपाकघराला त्याच काळात खिडकीच नव्हती. पण ते पडलं एकच घर, तेही आपलं. अपवाद म्हणून त्यांनी ते केव्हाच बाजूला सारलं होतं.

आता फक्त शेवटचा, चौदाव्या वर्षाचा खंड राहिला होता आणि तो काही केल्या हाती लागत नव्हता.

"बांधणीला गेलाय," शिक्केताई म्हणाल्या.

शिक्केताई नियतकालिक विभागाच्या कारकून. साठीला टेकलेल्या, बुटक्या, कपाळावर चढवलेला चष्मा शोधत फिरणाऱ्या. देताघेताना प्रत्येक खंडाच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारण्याचं काम त्या तेवीस वर्षं करत होत्या. खंड हवा असला, की त्यांच्याच खिडकीशी जावं लागे.

"ताई, मागच्या आठवड्यातही बांधणीलाच होता."

"जाड खंडाला वेळ लागतो हो."

"त्या वर्षी तीन अंक निघाले आणि मासिक बंद पडलं. जाड कसा होईल?"

शिक्केताईंनी शिक्का शाईच्या डबीत जरा जास्तच जोरात दाबला आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी ओढून घेतली.

गुरुवारी मात्र त्या स्वतःच खंड घेऊन आल्या. शाळकरी वहीएवढा बारीक. टेबलावर ठेवल्यावर परत जायचं सोडून तिथेच उभ्या राहिल्या. मास्तरीणबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पहिलं पत्र काढलं. सुरुवातीलाच स्वयंपाकघर होतं. खिडकी उजव्या हाताला. दुसरं पत्र, उजव्या हाताला. तिसरंही तसंच. आपला उजवा हात कुठला, हे बघायला त्यांनी पेन्सिल धरलेला हात वर करून पाहिला.

"ताई, त्या वर्षी सरकारने घरांचा नकाशा बदलला होता का?"

"नाही."

"मग तीन गावांतल्या तीन बायकांच्या खिडक्या एकदम उजवीकडे कशा गेल्या?"

शिक्केताईंनी शेजारची खुर्ची ओढली. वाचनकक्षात त्यांना बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"नकाशा नाही बदलला," त्या हळूच म्हणाल्या. "मला घर मिळालं."

मास्तरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी त्या मासिकात टंकलेखिका होते. मासिक बंद पडल्यावर सगळे अंक या ग्रंथालयात आले, त्यांच्याबरोबर मीही आले. ती पत्रं मीच लिहायचे."

"यातली कुठली?"

"सगळी."

"एकशे एकोणसाठच्या एकशे एकोणसाठ?"

"श्श!" डुलक्या काढणारा विद्यार्थी डोळे न उघडताच म्हणाला. मास्तरीणबाईंनी निमूटपणे आवाज खाली आणला.

"वाचकांची खरी पत्रं येत नव्हती?"

"यायची की, पोत्यांनी यायची. साबण कुठे मिळेल, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, नळाला पाणी का नाही. ती छापायची सोय नव्हती. ती वर जायची."

"वर म्हणजे कुठे?"

"ते आम्हालाही कधी कळलं नाही. वर." शिक्केताईंनी छताकडे बोट केलं. "मग संपादक म्हणाले, तू बाईमाणूस आहेस, लिही काहीतरी. आता मला कुठलं स्वयंपाकघर! वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी, जेवण खानावळीत. पण घराच्या यादीत नाव होतं. नंबर कुठवर आला ते बघायला दर महिन्याला त्या कचेरीत जायचे, तर तिथे भिंतीवर घराचा नकाशा लावलेला. बघून बघून पाठ झाला. मग त्यातच संसार थाटला. कठडा, खिळे, सगळं हळूहळू लावत गेले."

"आणि खिडकी?"

"नकाशात डावीकडे होती. चौदाव्या वर्षी नंबर लागला, तो जिन्याच्या पलीकडच्या बाजूला. तिकडची घरं सगळी आरशातल्यासारखी उलटी. मग डावीकडे लिहायला हात धजेना. स्वतःच्या घराबद्दल खोटं कसं लिहायचं?"

मास्तरीणबाईंना एकदम आठवण झाली. 'पुरुषांचा घरकामातील सहभाग' या विषयावर त्यांनी अकरा पानं लिहिली होती.

"आणि ते नवरे? बटाटे सोलणारे, नळ दुरुस्त करणारे?"

"ती वरून आज्ञा. दर पत्रात एक कामसू नवरा हवाच. मी बापडी कुठून आणणार? लग्नच नाही केलं."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? वर्षभर रोज भेटतोय आपण!"

"सांगणार होते हो. पण तुम्ही इतक्या खुशीत असायचात. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले." शिक्केताई टेबलाची कड पुसू लागल्या. "आणि माझी पत्रं इतकी मन लावून कुणी वाचलीच नव्हती आजपर्यंत. मला बरं वाटायचं." मग त्या उठल्या. "तीन महिन्यांनी मी निवृत्त होतेय. मी कुणाजवळ बोलायची नाही. तुमचं प्रकरण आहे तसं राहू द्या."

मास्तरीणबाईंनी वही मिटली आणि निरोपही न घेता बाहेर पडल्या. त्यांना राग आला होता, पण तो शिक्केताईंवर धरावा की सरकारवर, हे ठरत नव्हतं. घरी पोचेपर्यंत तो स्वतःवरच येऊन बसला.

नवरा गॅलरीत इस्त्रीची वायर जोडत बसला होता. तो वीजतंत्री होता, पण घरातली इस्त्री महिनाभर तशीच पडली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग असा हसत सुटला, की हातातला स्क्रू गॅलरीतून खाली गेला. बायकोचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

"दे ना आहे तसंच," तो म्हणाला. "त्या बाई बोलणार नाहीत, मी बोलणार नाही. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना."

"मग लोकांना आयुष्यभर काय सांगू, बायको अजून डॉक्टरीण व्हायचीय?"

त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर ट्राम गेली. मग त्यांच्याच ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"शाळेत साठ पोरांची उत्तरं सारखी आली, की मी पहिल्यांदा काय विचारते?"

"कुणाच्या वहीतून उतरवलं म्हणून."

"आणि इथे एकसष्ट आली, तर मी सिद्धान्त काढला!"

आता दोघंही हसले. पोट दुखेपर्यंत हसले. हसून झाल्यावर मास्तरीणबाईंना किती दिवसांनी तरी हलकं वाटलं. चौथं प्रकरण टाकून द्यायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. त्याच्या जागी काय यायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं. शुक्रवारी त्यांनी ग्रंथालयात जाऊन शिक्केताईंचा पत्ता मागून घेतला.

शनिवारी दुपारी त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा शिक्केताईंनी दार उघडलं आणि त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. मास्तरीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. खिडकी उजवीकडे होती. बाकी सगळं त्यांना तोंडपाठ होतं. चहाचा डबा वरच्या फळीवर तिसरा, सुरी खिडकीजवळच्या खणात. शिक्केताईंच्या हातून चहा ओतताना बशीत सांडला, तर मास्तरीणबाईंनी न विचारता, न बघता दाराच्या मागे हात घातला आणि मधल्या खिळ्यावरचं फडकं काढलं. शिक्केताई बघतच राहिल्या.

"तुम्ही इथे पहिल्यांदाच आलाय ना?"

"हो. पण माझा मुक्काम इथेच आहे वर्षभर."

चहा झाल्यावर मास्तरीणबाईंनी कोरी वही उघडली. "आता मला खरं सगळं हवंय. नकाशातलं नको, वसतिगृहातलं सांगा. तिथे चौदा वर्षं काढलीत. खोली कशी होती?"

"खोली?" शिक्केताई ऐसपैस बसल्या. "चार पलंग होते."

"तुमचा कुठला?"

"दाराजवळचा." त्या थांबल्या. "की भिंतीकडचा? दाराजवळ ती शिवणकाम करणारी होती बहुतेक."

"भिंतींना रंग कुठला होता?"

"असेल काहीतरी. रंगाशिवाय कशा असतील भिंती?"

"कपडे कुठे वाळत घालायचात? दिवा कुठे होता? बाकीच्या तिघींची नावं?"

शिक्केताईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. दोन नावं आठवली, तिसरं आठवेना. त्या मनापासून शोधत होत्या आणि हाताला काहीच लागत नव्हतं, हे दिसत होतं. मास्तरीणबाईंना त्यांची दया आली. प्रश्न आवरता घ्यावा म्हणून त्या तोंड उघडणार, तेवढ्यात शिक्केताईच म्हणाल्या,

"काय सांगू तुम्हाला. तिथे मी नुसती झोपायला जायचे. राहायचे इथे."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मास्तरीणबाईंना क्षणभर त्यात वावगं काही वाटलंच नाही. मग हिशेब ध्यानात आला: तेव्हा हे घर मिळालंच नव्हतं. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, तारीख घातली आणि पुढची ओळ रिकामी सोडली. एकशे एकोणसाठ पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागणार होती. या खेपेला एकाच बाईची म्हणून. कठडा कुठल्या वर्षी आला, तिसरा खिळा कधी ठोकला, दोन मुलं कधी झाली.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. मार्गदर्शक सर होते. आवाज एवढा चढा, की ओट्याशी उभ्या असलेल्या शिक्केताईंनाही ऐकू जात होता.

"काय बाई, चौथं प्रकरण कधी देताय? मी परीक्षकांना आधीच सांगून ठेवलंय त्याबद्दल."

"देते, सर. थोडा बदल आहे त्यात." मास्तरीणबाईंनी वही जवळ ओढली. "बायका कमी झाल्यात."

"कमी झाल्यात म्हणजे? एकसष्ट होत्या ना? किती राहिल्या?"

"एक."



"अहो, एका बाईवर अख्खं प्रकरण? पुरेल का?"

शिक्केताई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि स्वच्छ धुतलेला कप पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरून उरेल, सर."