माझी प्लास्टरची शेपटी

मित्रांनो, मी एक जुना प्राणी आहे. किती जुना, ते सांगून उपयोग नाही. तेव्हा वर्षे मोजायला कोणी नव्हते. मी पालीसारखा दिसतो, पण पालींचे आणि माझे नाते फार लांबचे.

मी ओढ्याकाठी किडे खाऊन राहत असे. एकदा एका मोठ्या जनावराने माझी शेपटी धरली. ती त्याच्या तोंडात सोडून मी पळालो. नवी फुटू लागली होती, तेवढ्यात ओढ्याला पूर आला आणि मी गाळाखाली गेलो. गाळाचा दगड झाला, माझ्या हाडांचाही.

खाणीत तो दगड फुटला तेव्हा मी पुन्हा उजेडात आलो. मला संग्रहालयात नेले. शेपटीकडचा दगड फार कठीण, तो कोरायचे कोणी मनावर घेतले नाही. "अर्धवट जनावर कोण बघणार?" असे म्हणून तिथल्या साहेबांनी एका मूर्तिकाराकडून प्लास्टरची शेपटी करून घेतली आणि त्या दगडावर बसवली. लांब, डौलदार, टोकाशी वळलेली. लोक तिचेच कौतुक करत. मला त्याचे सुख नव्हते आणि दुःखही नव्हते.

पुढे त्या मूर्तिकाराची लेक तिथेच जीवाश्म साफ करण्याच्या कामाला लागली. एकदा भिंगातून पाहताना तिचा हात थांबला. प्लास्टरच्या कडेखाली खरे हाड दगडात शिरत होते. ते पाहायचे तर शेपटी फोडणे भाग होते. साहेबांनी हो-ना करत परवानगी दिली, पण हिचाच हात धजेना. वडिलांच्या हाताला आता कंप सुटला होता. त्यांनी केलेले एवढेच काम लोकांसमोर उरले होते.

तिने त्यांना बोलावून घेतले.

"बाबा, खाली काहीतरी आहे. पण तुमची शेपटी जाईल."

त्यांनी शेपटीच्या वळलेल्या टोकावरून बोट फिरवले. "झोकात जमली होती गं," ते म्हणाले. "फोड. पण जपून. माझं प्लास्टर सहजासहजी सुटायचं नाही."

खुर्ची ओढून ते शेजारीच बसले. ती कोरत राहिली. अखेर माझ्या शेपटीचा इवलासा खुंट उघडा पडला.

"बाबा, ही नव्यानं फुटत होती! म्हणजे हा एकदा कुणाच्या तरी तावडीतून सुटला होता!"

त्यांनी चष्मा पुसला, भिंग डोळ्याला लावले आणि ते हसू लागले. "बघ की! हा आपली आपण करत होता, आणि मी आयती चिकटवली!"

आता माझ्यासमोर गर्दी नसते. आखूड शेपटी पाहून माणसे पुढे सरकतात. मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. धूळ झटका, काच पुसा. फक्त आम्हाला पुरे करायची घाई करू नका. मी एकदा वाचलो होतो, हे सांगायला माझ्याकडे तेवढा खुंटच आहे.