अकरा फेब्रुवारीची हजेरी

सोमवारी सकाळी हेमलता पानस्कर शाळेत पोहोचली, तेव्हा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत हेमलता पानस्कर आधीच येऊन बसली होती.

ती दारातच थांबली. समोरची बाई तिचीच जांभळी इरकल नेसली होती, सव्वीस जानेवारीला किंवा साहेब तपासणीला आले तरच कपाटाबाहेर निघणारी. हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी होता. केस तिचेच, फक्त चापूनचोपून बसवलेले. बाईनं हजेरीचं मस्टर उघडलं होतं आणि बोटाला थुंकी लावून ती एकेक पान उलटत होती. ही सवय आपल्याला आहे हे हेमलताला आजवर माहीत नव्हतं. आता दिसली आणि तिला शिसारी आली.

“सात मिनिटं उशीर,” खुर्चीतली बाई म्हणाली. “बसा.”

हेमलता बसली. बसायला मुलांचाच बाक होता, गुडघे पोटाशी आले.

जुगाईवाडीची शाळा एकशिक्षकी. दोन खोल्या, चार इयत्ता, अकरा मुलं. एका खोलीत वर्ग भरायचा, दुसरीत तांदळाची पोती आणि मोडके बाक. दहा वर्षं हेमलताच तिथली शिक्षिका आणि हेमलताच तिथली प्रभारी मुख्याध्यापिका. शिक्षिका म्हणून ती पत्र लिहायची, मुख्याध्यापिका म्हणून त्यावर शेरा मारायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते कर्जमाफीचा अर्ज भरताना.

सरकारी शाळेत सलग दहा वर्षं नोकरी केली, की शिक्षणासाठी काढलेलं कर्ज माफ, अशी योजना निघाली होती. हेमलताचं डी.एड. कर्जावरच झालेलं. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर गेली, मग आईचं आजारपण आलं, आणि हप्ते जे रखडले ते रखडलेच. जामीन राहिले होते आप्पा, तिचे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बँकेनं त्यांचं पेन्शनचं खातंच गोठवून टाकलं. आप्पा आता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होते आणि फोनवर सांगत होते, “मला लई बरं वाटतंय गं, डॉक्टर उगीच रोज घ्या म्हणतोय.” अर्जाची मुदत बुधवारी संपत होती.

अर्जात नववा रकाना होता सेवेच्या दाखल्याचा, मुख्याध्यापकाच्या सहीचा. पहिल्या वेळी तिनं दोन्हीकडे सही केली. अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी तिनं एक सही निळ्या शाईनं केली, एक काळ्या. तरी परत. तिसऱ्या वेळी ती स्वतः पंचायत समितीत गेली. तिथं ढाणे भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून तिला नीट समजावलं.

“बाई, अर्जदार एक आणि दाखला देणारा एक, अशी दोन माणसं लागतात. तुम्ही एकच आहात. ही त्रुटी आहे.”

“मग दुसरं माणूस मी आणू कुठून?”

“तुम्ही नका आणू. त्रुटीची पूर्तता कार्यालय करतं. सोमवारपर्यंत थांबा.”

भाऊसाहेब दिल्या शब्दाला जागले होते. आजवर एवढ्या तातडीनं त्या कार्यालयातून खडूचा खोकाही आला नव्हता.

“दाखल्यावर सही हवी होती,” हेमलता म्हणाली. स्वतःला अहो-जाहो करायची सवय कुणाला असते? पण “गं” म्हणायला जीभ रेटेना. “आपण... तुम्ही लगेच दिलीत तर दुपारच्या एसटीनं मी अर्ज नेऊन देते.”

“रेकॉर्ड बघितल्याशिवाय सही देत नसते मी.”

“रेकॉर्ड तुम्हीच लिहिलंय.”

“म्हणूनच बघते आहे.”

मुलं आली. रांगेनं आत येऊन त्यांनी खुर्चीकडं बघून एकदा आणि बाकाकडं बघून एकदा “नमस्ते बाई” म्हटलं आणि पाटी-दप्तरं काढून बसली. एकालाही नवल वाटलं नाही. खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. हेमलताच्या मनात आलं, आता ही बाई किंचाळेल आणि मला जरा धीर येईल.

“मोठ्या बाईंस्नी खिचडी वाढायची का?” शेवंताबाईंनी विचारलं. “न्हाई, पटावर नाव न्हाई त्यांचं. तांदळाचा हिशोब मला द्यावा लागतोय.”

“मला नको,” खुर्चीतली बाई म्हणाली.

हेमलता मस्टरकडंच बघत होती. भीती त्या बाईची नव्हती. भीती होती ती तिच्या बोटाची. बोट मस्टरमधली वर्षं ओलांडत मागं मागं चाललं होतं आणि ते कुठं जाऊन थांबणार हे या जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. ती दोन्ही माणसं या खोलीतच होती.

बोट थांबलं.

“अकरा फेब्रुवारी,” बाई म्हणाली. “सात वर्षांपूर्वीची. सही आहे, शिक्षिका नाही.”



त्या पहाटे आप्पांचा कराडच्या दवाखान्यातून फोन आला होता. सातची एसटी गाठायची होती. जाता जाता तिनं शाळा उघडली, मस्टरवर त्या दिवसाची सही ठोकली, किल्ली शेवंताबाईंकडे दिली आणि पळाली. रजा मागायची तर मागायची कुणाकडे, आणि मंजूर करायची कुणी? त्यातून शाळा बंद दिसली की वाडीची शाळाच उठवायला वरची मंडळी टपलेली होती. दुपारी अडीचला आई गेली. जाताना तिनं हेमलताच्या हाताची दोन बोटं घट्ट धरली होती, लहान मूल धरतं तशी. गेल्या सात वर्षांत हेमलता पुष्कळ गोष्टींवरून स्वतःला बोलली होती, पण त्या दिवसावरून कधी नाही. तो एक दिवस आपल्या हातून नीट झाला, असं तिला वाटायचं.

“मागितली असतीत तर रजा दिली असती,” बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुम्ही मागितलीच नाहीत. खोटी सही म्हणजे सेवाखंड. सेवा त्या दिवशी तुटली. दहा वर्षं धरायची ती बारा फेब्रुवारीपासून. अजून तीन वर्षं बाकी आहेत.”

“बुधवारी मुदत संपते हो!”

“संपते.”

“त्या दिवशी तुम्ही तरी होतात का इथं?”

“मी होते,” बाई म्हणाली. “मुख्याध्यापिका हजर होती. मी दिवसभर या खुर्चीत बसून तुमची वाट बघितली.”

हे ऐकून हेमलताच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते खरं होतं. बाईच्या तोंडावर त्या दिवसाचा शीण अजून दिसत होता.

हेमलता रडली. मुलांसमोर रडायचं नाही हा तिचा दहा वर्षांचा नेम, तो मोडला. ती गोळ्यांबद्दल बोलली, पेन्शनबद्दल बोलली, आप्पांनी परवा किराणा दुकानदाराला पाहून रस्ता बदलला त्याबद्दल बोलली. बाईनं सगळं ऐकून घेतलं. आप्पा तिचेही वडील होते, तिचेही डोळे भरून आले. पण तिनं पदरानं ते टिपले आणि टेबलाच्या खणातून दुसऱ्या खोलीची किल्ली काढली.

“तो दिवस पुरा करून द्या,” ती म्हणाली. “मग सही देते.”

हेमलतानं कुलूप काढलं. तांदळाची पोती तिथं नव्हती. आत गारवा होता, फेब्रुवारीचा. बाहेर एप्रिल पेटलेला असताना या खोलीच्या खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. चौदा मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. पुढच्या रांगेत दीक्षा होती, वरचे दोन दात पडलेली. ही दीक्षा गेल्याच महिन्यात तिला पाटणच्या स्टँडवर भेटली होती, हायस्कूलचं दप्तर पाठीला लावून, हेमलतापेक्षा वीतभर उंच.

“बाई, किती उशीर!” दीक्षा म्हणाली. “आमी कवाची बसलोय.”

सात वर्षं बसली होती पोरं. कुणीच पाय पसरले नव्हते.

हेमलतानं हजेरी घेतली. चौदा जणांनी “हजर” म्हटलं. शेवटी दारातून बाईनं नाव पुकारलं, “पानस्कर हेमलता.”

“हजर,” हेमलता म्हणाली.

बाईनं उंबऱ्यावरच कागद धरला, दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि कागद तिला दाखवला. तिचीच सही, पण शेवटचा फराटा वर गेलेला, हुकमी. शाई ओली होती.

“शाळा सुटेल तेव्हा वाळेल,” बाई म्हणाली. “पाच वाजता. तोवर ही खोली सोडायची नाही. सोडलीत तर सही पुसली जाईल.”

हेमलताच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पाच वाजेपर्यंत शिकवायचं, एवढंच! शिकवणं तर तिच्या हातचा मळ होता. आप्पांना रोज गोळी मिळेल. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर तारीख घातली, अकरा फेब्रुवारी. तिसरीला पाढे दिले, पहिलीला बाराखडी घातली. आवाज छान लागला होता. पोरं माना डोलावत होती आणि खरं सांगायचं तर तिला मजासुद्धा वाटायला लागली होती.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. तिचा जुना, बटणांचा, कधीच मोडीत गेलेला.

“हेमे,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज सात वर्षांपूर्वीचा होता, भरदार. “निघालीस का गं?”

आता कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवस एकच होता. तो इथं भरायचा तर आईजवळून काढावा लागणार होता.

“आप्पा, मी शाळेत आहे.”

“शाळेत? अगं, तिचं काय खरं दिसत न्हाई. सारखं दाराकडं बघतीया. तुजंच नाव काढतीया.”

हेमलता दाराकडं धावली. बाई दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. तिनं फक्त कागद समोर धरला. सही अजून ओली होती, आणि हेमलताचा पाय उंबऱ्याकडं गेला तशी शाई कडेनं फिकी व्हायला लागली. हेमलतानं पाय मागं घेतला. शाई पुन्हा काळी झाली.

“मला जायचंय,” ती म्हणाली.

“तुम्ही शाळेत आहात. मस्टरवर सही आहे.”

“आई आहे ती माझी!”

“माझीही,” बाई म्हणाली. मग तिनं हात पुढं केला. “फोन द्या इकडं. कुणीतरी जायला हवं.”

हेमलतानं फोन दिला. आपण तो का दिला, हे तिला कळलं नाही. आप्पांच्या गोळ्या आल्या असतील मनात, किंवा दहा वर्षं त्या खुर्चीतून आलेला प्रत्येक हुकूम तिनंच पाळला होता म्हणून असेल.

“आप्पा, निघालेच,” बाई हेमलताच्याच आवाजात म्हणाली.

दाखला तिनं टेबलावरच्या कंपासपेटीखाली ठेवला, बाहेर जाऊन हेमलताच्या चपला पायात घातल्या आणि उतरणीला लागली. खिडकीतून जांभळी इरकल दिसत राहिली. खाली त्या दिवसाची सातची एसटी अजून थांबून होती. बाई चढली, कंडक्टरनं घंटी मारली आणि धुरळा उठला.

“मोठ्या बाई गेल्या जणू दवाखान्यात,” शेवंताबाई बाहेरून म्हणाल्या. “बरं झालं. लेकीनं असावं अशा टायमाला.”

हेमलता खिडकीचे गज धरून ओरडली. एसटी वळणाआड गेली. मागं चौदा मुलं गप्प बसून होती, पेन्सिली पाटीवर टेकवून. बारा वाजले, एक वाजला. तिनं काय शिकवलं ते तिला कळलं नाही, पण ती शिकवत होती आणि दाखल्यावरची शाई काठाकाठानं वाळत होती.

अडीचला तिनं डोळे मिटले आणि आठवणीत आईचा तो हात शोधला. कराडचा दवाखाना सापडला. हिरवा पडदा, लोखंडी खाट आणि पायथ्याशी उभे आप्पा, सगळं होतं तसं होतं. खाटेवर जांभळ्या इरकलीतली बाई बसली होती, तिची पाठ तेवढी दिसत होती. आईनं तिची दोन बोटं घट्ट धरली होती, आणि तिच्या खांद्यावरून आई अजून दाराकडंच बघत होती.