धाकटीची रंगपेटी

मित्रांनो, कडा गंजलेली, झाकण नीट न लागणारी पत्र्याची ही जी डबी तुम्हाला दिसते आहे, ती एके काळी रंगपेटी होती. ती मीच. आज माझ्या खणांत खिळे आहेत, तुटलेल्या बिजागऱ्या आहेत आणि कुणाच्या तरी शर्टाचे बटण आहे. पण या प्रत्येक खणात कधी काळी रंगाची एक-एक वडी होती, हे मी अजून विसरलेले नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्राखाली सरकला, वरून एक दणका बसला आणि माझ्या अंगाला खण पडले. झाकणाला आतून पांढरा मुलामा दिला गेला. तिथे रंग कालवायचे असत. मग मी दुकानाच्या काचेत जाऊन बसले. एके दिवशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी मला आपल्या मुलीसाठी घेतले. शाळेतल्या चित्रांच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. भावंडांत ती सगळ्यांत लहान, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. पुढे लोक तिला वहिनी म्हणाले, आई म्हणाले, काकू म्हणाले, पण माझ्या लेखी ती आजही धाकटीच आहे.

ती वर्षे माझ्या सुखाची होती. धाकटी दिसेल ते काढायची. नळावर बसलेला कावळा, दुपारी आडव्या झालेल्या आईचे तळवे, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला वडिलांचा कोट. तिचा हात हलका होता. कुंचला भरून घेतला की ती क्षणभर थांबायची, आणि मग एकदाच टेकवायची. खोडणे, पुसणे, पुन्हा गिरवणे तिला ठाऊकच नव्हते. तिच्या चित्रकलेच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या की हिला चित्रकलेच्या कॉलेजात घाला. वडिलांनी बाईंना चहा दिला, दारापर्यंत पोचवले आणि परत येऊन म्हणाले, "हात चांगला आहे, घरी काढेल की. कोण नको म्हणतंय?"

खरेच, नको कुणीच म्हटले नाही. लग्न ठरले तेव्हाही नाही. धाकटीने मला कपड्यांच्या घडीत ठेवून सासरी नेले. तिथेही कुणी नको म्हटले नाही. पहिल्या आठवड्यात तिने मला उघडले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने पाहिले आणि कणीक मळून झाली का, एवढेच विचारले. मग लेक झाली. रांगत्या पोरीने लाल वडी तोंडात घातली, तेव्हा घरभर धावपळ उडाली आणि मी माळ्यावर गेले. लेक शाळेत जायला लागली की बसेन, असे धाकटी म्हणाली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग लेकीच्या परीक्षा, मग तिचे लग्न. माळा झाडायला ती वर चढायची तेव्हा माझे झाकण उघडून ओला अंगठा एखाद्या वडीवर फिरवायची. रंग अंगठ्याला लागला की पुसून टाकायची आणि मला परत कोपऱ्यात सारायची. ज्या रंगांना पाणीच हवे असते, त्या रंगांवर तिने असे पाणी सोडले.

धाकटीचे यजमान एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सगळे त्यांना स्टोअरसाहेब म्हणत. नटबोल्ट, पट्टे, वंगणाचे डबे, सगळे त्यांच्या ताब्यात. एक वायसर इकडचा तिकडे होत नसे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचे स्टोअर करायला घेतले. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, मीठ वरच्या फळीवर नेले, चहापूड खाली आणली. धाकटी मेटाकुटीला आली. लेकीने फोनवर सल्ला दिला, "आई, बाबांना काहीतरी छंद लाव, नाहीतर तुला वेड लागेल."

तेव्हा मला माळ्यावरून खाली काढले ते धाकटीनेच. तिने माझे अंग ओल्या फडक्याने पुसले, जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि दोन खुर्च्या ओढल्या. मित्रांनो, दोन. त्या दिवशी मला वाटले, माझे दिवस फिरले.

स्टोअरसाहेब म्हणाले, "अरे वा, घरातच आहे की!" आणि त्यांनी मला स्वतःकडे ओढून घेतले.

सुरुवातीला त्यांनी काढलेले सफरचंद कांद्यासारखे दिसायचे आणि झाडे झाडूसारखी. कागद ओला असताना रंग लावलात तर पसरणारच, असे धाकटीने सांगितले, ते त्यांनी ऐकले. मग ते जवळच्या वाचनालयाच्या सभागृहात भरणाऱ्या वर्गाला जाऊ लागले. तिथे एक ड्रॉइंग मास्तर निवृत्त मंडळींना जलरंग शिकवायचे. धाकटीने वर्गाची चौकशी केली होती ती दोघांसाठी, पण वर्ग सकाळी असे आणि सकाळी घरात कुणीतरी हवे असे.

मला खोटे बोलून चालणार नाही. स्टोअरसाहेब चांगले चित्रकार झाले. उजाडायच्या आत उठून बसायचे. ज्या हातांनी जन्मभर प्रत्येक वस्तू मोजून दिली, ते हात हळूहळू रंग सैल सोडायला शिकले. एकदा ढगाळ आभाळ मनासारखे उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते मी जवळून पाहिले आणि मलाही भरून आले. इतक्या वर्षांनी माझा उपयोग होत होता.

पण टेबल आता त्यांचे झाले होते. धाकटी भाजी ओट्यावर उभ्याने चिरायची. जेवण मांडीवर ताट घेऊन व्हायचे. गढूळ पाण्याचे पेले ती विसळायची, पुसायची फडकी धुवायची, कागद वाळेपर्यंत पंखा बंद ठेवायची. चित्र झाले की ते हाक मारायचे आणि ती हात पुसत येऊन बघायची. दुसऱ्या खुर्चीवर कागदांचा गठ्ठा असे. तो उचलून "तू पण बस" असे ते एकदा म्हणतील, म्हणून ती थांबली होती. मीही थांबले होते. माझ्यातली निळी वडी तळाला गेली, पिवळी तर नावालाच उरली, तरी ते काही म्हणाले नाहीत.

एका दुपारी स्टोअरसाहेब जुन्या सहकाऱ्याला भेटायला बाहेर गेले. धाकटीने गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि ती बसली. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. पाण्याची टाकी, तिच्या पलीकडे दोरीवर वाळत घातलेली चादर, आणि त्या सगळ्यावर आलेले ऊन. तिने कुंचला भरला, क्षणभर रोखून धरला आणि टेकवला. तोच हात. उरल्यासुरल्या रंगांत तिने टाकी उभी केली, आभाळ धुऊन काढले, टाकीची लांब सावली टाकली. चादर तिने काढलीच नाही. चारही बाजूंनी रंग आणला आणि मधला कागद कोरा सोडला. त्या कोऱ्या जागेत ऊन असे पेटले की बघवेना. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरे राखायचे असते. एकदा त्यावर रंग गेला की ते परत आणता येत नाही.

स्टोअरसाहेब परतले तेव्हा चित्र टेबलावर वाळत होते.

"अगं, हे तू काढलंस?" ते खरोखर हरखले.

"हो."

"छान आहे की! फक्त चादर राहिली."

"राहिली नाही हो," ती म्हणू लागली, तेवढ्यात गॅसवरचे दूध वर आले आणि ती आत धावली. ती परत आली तेव्हा स्टोअरसाहेबांच्या हातात कुंचला होता. चादरीला त्यांनी करड्या रंगाच्या घड्या घातल्या होत्या. नीटनेटक्या, एकसारख्या. प्रेमानेच घातल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. त्याचेच दुःख अधिक.

धाकटीने चित्र उचलून उजेडात धरले. मग म्हणाली, "ती कोरी ठेवली होती मी. तेच तर चित्र होतं."

"मग सांगायचं ना आधी. पण आता बघ, कशी खरी वाटते."

"वाटते ना? मग सही करा तुमची."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. हातात कुंचला होताच, त्यांनी कोपऱ्यात सही केली.

पुढे वाचनालयाच्या सभागृहात मास्तरांनी वर्गातल्या मंडळींचे प्रदर्शन भरवले. स्टोअरसाहेबांच्या चित्रांबरोबर ते चित्रही चौकटवाल्याकडे जाऊन आले आणि भिंतीवर लागले. लोकांसमोर चित्र काढून दाखवायचे म्हणून त्यांनी मला तिथे नेले होते, आणि पाण्याचा पेला धरायला धाकटी होती. मास्तर भिंतीच्या कडेने फिरत त्या चित्रापाशी थांबले. खूप वेळ थांबले.

"घड्या जरा जड झाल्या," ते म्हणाले. "पण बाकी सगळं... साहेब, टाकीवरचं हे ऊन आजवर तुम्हाला कधी जमलं नव्हतं. आज जमलं."

धाकटी हाताच्या अंतरावर उभी होती. स्टोअरसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिले. तिने पेला या हातातून त्या हातात घेतला. ती बोलली नाही म्हणून तेही मोकळे झाले.

"हो," ते म्हणाले, "जमलं खरं."

नंतर त्यांना चार शब्द बोलायला सांगितले. त्यांनी सांगितले की घरात रंगांची जाण कुणालाच नव्हती, साठीनंतर त्यांनी एकट्याने हा प्रवास केला, आणि पत्नीने कधी आडकाठी केली नाही याबद्दल ते तिचे आभारी आहेत. टाळ्या झाल्या. धाकटीनेही वाजवल्या. त्यासाठी तिला पेला खाली ठेवावा लागला.

वर्गमित्रांनी त्यांना मोठी नवी रंगपेटी भेट दिली. माझे काम संपले. माझ्यातल्या उरलेल्या वड्या सुरीने खरवडून काढल्या गेल्या आणि मी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत खिळे सांभाळायला आले. तिथून आतले सगळे दिसते आणि ऐकू येते.

काही दिवसांनी स्टोअरसाहेबांचे मन त्यांना खाऊ लागले असावे. त्यांनी आणखी एक रंगपेटी आणली, अगदी उंची, रंगीत कागदात बांधलेली. धाकटी मटार सोलत होती. तिच्यापुढे पेटी ठेवून ते म्हणाले, "ही तुझी. आता रोज बसायचं माझ्याबरोबर. खुर्ची रिकामी केली आहे."

धाकटीने हात न थांबवता पेटीकडे पाहिले. "ठेवा तिकडे," ती म्हणाली. "तुमचे संपले की लागतील."

त्यांना वाटले, ती रुसली आहे, चार दिवसांत बसेल. ती रुसली नव्हती. पुढे त्यांचा निळा रंग संपला. तुझ्या पेटीतला घेऊ का, असे त्यांनी दोनदा विचारले, तिने दोनदा घ्या म्हटले. कागदावरची दोरी सुटेना तेव्हा कात्री तिनेच आणून दिली.

मित्रांनो, रंगपेटी स्वच्छ ठेवा, कुंचले धुऊन ठेवा, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. मी त्याबद्दल काही म्हणणार नाही. तुमच्याही घरात कुणीतरी पेला विसळत उभे असेल. आज घरी गेलात की खुर्चीवरचा गठ्ठा उचला आणि त्यांना बसायला सांगा. आणि त्यांनी एखादी जागा कोरी ठेवली, तर कृपा करून तिला हात लावू नका.