पंचनाम्यातला प्रमाद

“सर, पण त्या वृंदानं राजाले अडवलं काहून नाही?”

लिलाधर सरांच्या हातातला खडू थांबला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ते आठवडाभर ग्रीक शोकांतिका शिकवत होते, रोज एका समीक्षापद्धतीने. सोमवारी मानसशास्त्रीय, मंगळवारी स्त्रीवादी, आज समाजशास्त्रीय. फळ्यावर मात्र सोमवारचाच शब्द ठळक होता : प्रमाद. नायकाची ती एक चूक, जिच्यापायी त्याचा नाश होतो. या शब्दावर सरांचा भारी जीव.

“वृंद म्हणजे कोरस, नाटकातली गावची जाणती माणसं,” सर म्हणाले. “ती बघतात, हळहळतात. अडवणं त्यांचं काम नाही.”

“मंग त्यायचं काम काय? सह्या करनं?” चंदाने पुन्हा विचारलं.

सरांचं डोकं सणकलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. “वर्गाबाहेर हो,” ते ओरडले.

चंदा उठली ती फळ्यापाशी आली आणि ‘प्रमाद’वर बोट ठेवून उभी राहिली. “हा शब्द तुमीच घातला ना सर, माह्या बाच्या पंचनाम्यात?”

चंदा सरांच्याच गावची, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली. गावच्या तलावातून धानाला पाणी सोडायचं दार, ज्याला तिथे तुडूम म्हणतात, ते तीन वर्षं मोडकं होतं. तिचा बाप तुलाराम दरवेळी बुडी मारून ते हाताने लावायचा. गेल्या वर्षी तो वर आलाच नाही. पंच म्हणून सरांना बोलावलं. हवालदाराने ‘मयताची गलती’ लिहिलं होतं. सरांना खटकली ती भाषा. त्यांनी ‘मृताचा प्रमाद’ असं करायला लावलं आणि झोकात सही ठोकली. मोडक्या तुडूमबद्दल अवाक्षर नाही. एवढं शिकलेल्या माणसाला मेलेल्याचं व्याकरण तेवढं दिसावं, याची चीड येते.

“माय कचेरीत चकरा मारून राहिली,” चंदा म्हणाली. “साहेब म्हनते, प्रमाद मयताचा, भरपाई भेटत नाही; पंचाकडून लिहून आना. माय दोनदा तुमच्या घरी आली. तुमी भेटले नाही.”

सर दोन्ही वेळा घरातच होते. त्यांचा राग अजून उतरला नव्हता, पण आता तो या पोरीवर काढता येईना. स्वतःचीच त्यांना किळस आली.

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. “सांग. जसं झालं तसं बोल, मी लिहितो.”

चंदा उभ्या उभ्या सांगू लागली. सर तिच्या बोलीत, एक अक्षर न बदलता लिहीत गेले.

“तुडूम तीन सालापासून मोडलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “हे गावाले मालूम होतं.”

सरांनी तेही लिहिलं. मग सवयीने पेन मागे नेलं आणि एक दुरुस्ती केली. ‘गावाले’ खोडून त्यावर लिहिलं, ‘मले’. आणि खाली सही केली.