मिसरी वाडग्यातले पाणी पिऊ लागली

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक पितळी वाडगा ठेवलेला दिसेल. आतून ओरखडे, काठाला एक पोचा. तो जुना, हेकट वाडगा म्हणजे मी. माझ्याकडून एका मांजरीच्या बाबतीत मोठी चूक झाली आहे. तुम्ही म्हणाल, वाडग्याकडून कसली आली आहे चूक? ऐका तर खरे.

माझा जन्म तांबट आळीतला. हातोडीचे घाव सोसून मी गोल झालो, हे सांगताना अजूनही थोडा ताठा येतो. सकीनाबीच्या लग्नात तिच्या आईने दिलेल्या भांड्यांत मी होतो. तिचे यजमान शमशुद्दीनचाचा हे कल्हईवाले. तुमच्यापैकी अनेकांनी कल्हई पाहिलीही नसेल. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते आणि पोटाला बाधते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. चाचा रस्त्याच्या कडेला कोळसे पेटवायचे, भाता हलवायचे आणि भांडे तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकायचे. भसकन पांढरा धूर निघायचा. त्याचा वास असा उग्र, की उभ्या माणसाच्या नाकाला झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर मारला, की काळेकुट्ट भांडे आतून लखलखायचे. बायाबापड्या रांग लावायच्या. चाचांच्या हाताला यश आहे, असे म्हणायच्या.

गावभरची भांडी लखलखत होती आणि घरातला मी मात्र काळा पडत होतो. माझी पहिली कल्हई कधीच उडून गेली होती. सकीनाबी दर महिन्याला म्हणायची, "अहो, एवढ्या वाडग्याला कल्हई लावून द्या ना." चाचा म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही उजाडला नाही. पुढे घराघरांत स्टील आले आणि कल्हईवाल्याला कोणी विचारीना. चाचांनी भाता माळ्यावर टाकला आणि कुकर दुरुस्तीची टपरी घातली. माझ्याबरोबरची भांडी एकेक करून मोडीत निघाली. मी वाचलो तो मिसरीमुळे.

मिसरी ही सकीनाबीची मांजर. सकीनाबी दातांना लावायला तंबाखूची मिसरी भाजायची. गच्चीवर सापडलेले ते पिल्लू नेमके त्याच रंगाचे होते, म्हणून त्याचे नाव मिसरी. तिच्या पाण्यासाठी मला नेमण्यात आले. मी खूश झालो. पण मित्रांनो, मांजर पाणी कसे पिते हे तुम्ही कधी बघितले आहे का? बघू नका, डोके फिरेल! मी काठोकाठ भरलेला असायचो. ही यायची, माझ्याकडे तपासनीसासारखी बघायची, एक पंजा बुडवायची, झटकायची, चाटायची आणि निघून जायची. कधी मला पंजाने हातभर ढकलून सगळी फरशी ओली करायची. आणि नंतर पाणी कुठले प्यायची? न्हाणीघरातल्या गळक्या नळाचे. मेंदीच्या कुंडीखालच्या ताटलीतले. जावेदने, म्हणजे चाचांच्या मुलाने, जेवताना स्वतःसाठी भरून ठेवलेल्या पेल्यातले. नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी चाचांनी तोटीचा लोटा भरला, की ही पहिली तिथे हजर. तोटीतून टपकणारे थेंब जिभेवर झेलायची. चाचा हात आखडून थांबायचे. "पी बाई, तू आधी पी," म्हणायचे. "मांजर घरातलंच माणूस. तिच्या तोंडानं पाणी बाटत नाही."

लोटा उष्टा व्हायचा आणि मी भरलेला तसाच राहायचो. खोटे कशाला बोलू, मला त्या लोट्याचा फार हेवा वाटायचा.

एक युक्ती फक्त सकीनाबीला माहीत होती. ती माझ्याशेजारी बसून पाण्यात करंगळी हलकेच फिरवायची. पाणी हलले, चमकले, की मिसरी यायची आणि चार-सहा घोट घ्यायची. "हिला जिवंत पाणी लागतं," सकीनाबी म्हणायची. तेवढ्या चार-सहा घोटांवर मी दिवस काढत असे.

तीन वर्षांपूर्वी सकीनाबी गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले. मी तोवर बिनकल्हईचा, काळाच होतो. मृत्यूनंतरच्या चाळीसाव्या दिवसाचे सगळे पाहुणे परत गेल्यावर चाचांनी मला उचलले, आत बोट फिरवले आणि कितीतरी वेळ तसेच धरून बसले. त्या दिवसापासून ते मला रोज सकाळी स्वतः भरू लागले. करंगळीही फिरवून बघायचे. मिसरी लांबून बघायची आणि न्हाणीघराकडे जायची. चाचांचा चेहरा पडायचा. घरात सकीनाबीचे म्हणून आता एवढेच जिवंत उरले होते, आणि तेही त्यांच्या हातचे पाणी घेत नव्हते.

त्यांची नात अलिझा सातवीत आहे. ती म्हणायची, "दादाजी, वाडगा तिच्या खाण्याच्या ताटलीला चिकटवून ठेवू नका. मांजरांना ते आवडत नाही. तिकडे खिडकीखाली ठेवा."

"जागेचं काही नाही गं," चाचा म्हणाले. "तिला पितळेचा वास येतो. तुझी दादी सांगून सांगून थकली. ते काम माझ्याकडून राहून गेलंय."

गेल्या जानेवारीत त्यांनी माळ्यावरून भाता काढला. त्याचे चामडे उंदरांनी कुरतडले होते, त्याला ठिगळ लावले. कथील आणि नवसागर कुठून कुठून शोधून आणला. गच्चीवर कोळसे पेटले. त्र्याहत्तर वर्षांचे हात थरथरत होते, पण मी तापलो आणि कापसाचा बोळा माझ्या आत फिरला तेव्हा ते हात थरथरले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई धुरामुळे खोकत वर आल्या.

"शमशुद्दीनभाई, आमच्याकडे माणसांना प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी मिळतं. तुमच्याकडे मांजरीला कल्हई! पुढच्या जन्मी मला मांजर करून तुमच्याकडेच पाठव म्हणावं देवाला."

चाचा हसले. सकीनाबी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. त्यांनी मला पाण्यात बुडवले, चर्र आवाज झाला आणि मी उजळून वर आलो. माझ्या तळात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. "घे सकीना," ते हळूच म्हणाले, "लावली."

आणि मित्रांनो, पंधरा दिवसांच्या आत मिसरी माझ्यातले पाणी पिऊ लागली.

पंजा बुडवणे नाही, ढकलणे नाही. सरळ यायची, मान खाली घालायची आणि लपालपा प्यायची. चाचांनी जावेदला हाक मारून दाखवले. टपरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. वेणूबाईंना मुद्दाम वर बोलावले. "बघा, जनावराला कळतं, माणसाला कळत नाही!" एकदा भरत असत ते दोनदा भरू लागले, मग तीनदा. दर वेळी मी रिकामा सापडलो की त्यांची मान ताठ व्हायची. सगळी हयात ज्या कामात घालवली आणि जे काम जगाने टाकून दिले, त्याला एका मांजरीने दाद दिली होती.

आणि मी? मी तर हुरळून गेलो. दहा वर्षे वाट पाहिली होती मी. ती आता माझीच झाली, लोटा हरला, असे मला वाटले. खरे तर ती लोट्यातलेही पीत होती, नळाचेही पीत होती, बादलीतलेही पीत होती. मला ते दिसत होते. मी त्याचा अर्थ लावला नाही, कारण मला तो लावायचा नव्हता.

मी तिच्या सर्वांत जवळ होतो. दिवसातून दहा वेळा तिचा चेहरा माझ्यावर यायचा. तिच्या हिरड्या पांढुरक्या पडत चालल्या होत्या. गळ्याखालची हाडे दिसू लागली होती. तिच्या तोंडाला एक वास येऊ लागला होता, उग्र, नाकाला झोंबणारा.

तो वास अलिझाला आला. मार्च महिना होता. मिसरीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "दादाजी, हिच्या तोंडाला कसला तरी घाण वास येतोय. आणि ही हलकी झालीय. खात नाही, नुसतं पाणी पिते."

चाचांनी मिसरीचे तोंड नाकाजवळ नेले. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा नवसागर! पन्नास वर्षं हुंगलाय मी, मला सांगतेस? नव्या कल्हईचा वास आहे. उतरेल हळूहळू."

"पण दादाजी, वाडग्याला तर वास येत नाही."

"पाणी पितेय ना? पाणी पिणाऱ्या जनावराला काही होत नाही. उन्हाळा आहे, पिऊ दे."

अलिझाने मिसरीला मांडीवरून खाली ठेवले. नवसागराच्या बाबतीत या घरात चाचांपुढे कोण बोलणार? त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो का? मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. माझी कल्हई दोन महिन्यांपूर्वीची होती. तिला कसलाही वास राहिलेला नव्हता, हे माझ्याइतके कोणाला माहीत होते?

एप्रिलमध्ये मिसरी ओकू लागली. एका सकाळी ती माझ्यापर्यंत चालत आली आणि वाटेतच बसली. अलिझाने तिला टोपलीत घातले, मला पिशवीत घेतले, कारण मिसरी आता दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हती, आणि चाचांसह आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर नम्रता यांनी तिला तपासले, रक्त घेतले. दुपारी कागद आला. तो वाचून त्यांनी चष्मा काढला.

"आजोबा, मूत्रपिंडं निकामी होत आलीत. पाणी जास्त कधीपासून पिते?"

चाचा म्हणाले, "जानेवारी संपताना सुरू झालं. दिवसाला तीन वाडगे."

"तीन?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "एवढ्याशा मांजरीला? आणि तोंडाचा वास?"

"महिना झाला," अलिझा म्हणाली.

"हाच तो आजार. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, म्हणून तहान भागत नाही. रक्तात घाण साठते, तिचा तोंडाला असा नवसागरासारखा वास येतो. फेब्रुवारीत आणली असतीत तर औषधावर, पथ्यावर वर्ष-दोन वर्षं काढली असती हिने. पाणी एवढं प्यायला लागली तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

चाचांनी माझ्याकडे बघितले. मग टोपलीकडे बघितले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "कल्हई आवडली."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला आणि सलाईन लिहून दिले. अलिझाने आजोबांचा हात धरला.

नऊ दिवस सलाईन झाले. रोज रिक्षाने जायचे, यायचे. शेवटच्या दोन दिवसांत मिसरीने पाणीही सोडले. ती नुसती माझ्या काठावर हनुवटी टेकवून बसायची. खाली पाणी, वर ती, आणि पिणे नाही. चाचा शेजारी फरशीवर बसून माझ्यात करंगळी फिरवत राहायचे. पाणी हलायचे, चमकायचे. तिचे डोळे त्या हलणाऱ्या पाण्यामागे थोडेसे जायचे आणि थांबायचे. दहाव्या दिवशी सकाळी ते थांबले ते थांबलेच. तिची हनुवटी माझ्या काठावर होती. तो भार इतका कमी होता, की मला आधी कळलेच नाही.

तिला मागच्या मोकळ्या जागेत पुरले. घरी आल्यावर चाचांनी मला वाळूने घासायला घेतले. वाळूने भागेना, मग कानस आणली. पन्नास वर्षांच्या सरावाच्या हातांनी लावलेली ती कल्हई त्यांनी खरवडून काढली. पितळ उघडे पडले तरी ते थांबेनात. जावेद म्हणाला, "अब्बा, पुरे. वाडग्याचा काय दोष?" तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली. मला मात्र वाटत होते की त्यांनी थांबू नये.

मित्रांनो, उपदेश करायचा मला अधिकार नाही. तरी एवढे ऐका. मुके जनावर अचानक आपल्या मनासारखे वागू लागले, तर शाबासकी घेण्याआधी त्याला उचलून बघा. हलके लागते का? खाते का? किती पिते? तेवढे बघायला मोठी विद्या लागत नाही. आमच्या घरात ते एका सातवीतल्या मुलीला जमले होते. आम्ही जाणत्यांनीच तिला गप्प बसवले.

आता अलिझाने मला गच्चीवर ठेवले आहे, भटक्या मांजरांसाठी. खाण्याच्या ताटलीपासून लांब. चाचा रोज पाणी भरतात आणि टाकीला टेकून बसतात. एखादे मांजर मन लावून पिऊ लागले की ते घाबरतात. "अलिझा, हे फार पितंय का गं?" असे पुन्हा पुन्हा विचारतात.

काल एक पांढरी, लहानखुरी मांजर आली. माझ्याकडे तपासनीसासारखी बघत राहिली. एक पंजा बुडवला, झटकला, चाटला. मग मला हातभर ढकलून सगळे पाणी सांडले आणि शेपटी वर करून निघून गेली.

"नाही प्यायली," चाचा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "बरी आहे."